शिवांजलीची जिरवायची ब्रँच

उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनतं. प्रत्येकाच्या मशीनवर कोडची आपापली प्रत, आणि सर्व्हरवर सगळ्यांची सामाईक. नव्या कामाला कोडची वेगळी फांदी, म्हणजे ब्रँच. रोज सकाळी इकडचं-तिकडचं जुळवून घ्यायचं, आणि तिथंच सगळे गडबडायचे. "क्रांतीताई, बघा की जरा!" म्हणत माझ्या खुर्चीमागं रांग लागायची. मला ती रांग फार आवडायची. यंदा टीम लीड नेमायचा होता, आणि माझ्याशिवाय होतं कोण?

मग गारगोटीची शिवांजली कामाला लागली. आल्या आल्या तिनं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम लिहिला. कमांड मारली की सगळं आपोआप जुळतं. माझी रांग संपली. आमच्या बॉसना, वर्धमानसरांना तर तिचं किती कौतुक करू नि किती नको असं झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

ती सगळ्यांना स्क्रिप्ट समजावत होती तेव्हा मी मुद्दाम हेडफोन घालून बसले. कालची पोरगी मला शिकवणार? माझ्या मशीनवर गुपचूप ब्रँच काढून मी तिच्यापेक्षा सरस स्क्रिप्ट लिहायला घेतली. रागाच्या भरात ब्रँचला नाव दिलं, ‘शिवांजलीची-जिरवणार’. सर्व्हरवर पाठवण्याआधी बदलणारच होते.

सोमवारी सर म्हणाले, "क्रांती, शिवांजलीची स्क्रिप्ट तुझ्या मशीनवर चालव. मोठ्या स्क्रीनवर बघूया."

दातओठ खात मी कमांड मारली. ‘सर्व्हरवर नव्हती, पाठवली’ अशी ओळ उमटली, आणि पुढं ते नाव. अख्ख्या ऑफिसानं वाचलं.

"ताई, सांगितलं हुतं की मी," शिवांजली म्हणाली. "मशीनवरच ऱ्हायलेलं समदं ती वर पाठवतीया."

शेजारच्या टेबलावरचा विश्वजित तोंड दाबून हसत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. शिवांजलीनं मात्र ती ब्रँच उघडली आणि नीट वाचली.

"सर, दोघांनी एकच ओळ बदलली तर कुणाची ठेवायची ते थांबून विचारायचं ताईंनी केलंय. माझ्यात न्हाय ते. घेऊ का?"

"घे की!" सर म्हणाले, आणि तिथल्या तिथं तिला टीम लीड करून मोकळे झाले.

माझ्या ओळी आता तिच्या स्क्रिप्टमध्ये चालतात. जळफळाट तेवढा माझ्याकडं राहिला. "निदान ती ब्रँच तरी काढून टाक बाई," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे की ताई. नाव आवडलंय मला."

रोज सकाळी एकेक ब्रँच जुळवताना स्क्रिप्ट ते नाव सगळ्यांच्या स्क्रीनवर दाखवते, माझ्यासुद्धा. आणि पुढं लिहिते, जुळलंय.