माधव सरांची युक्ती

खेळातले गुण कसे वाढवायचे, हे माधवरावांना तिसऱ्याच दिवशी कळलं. लातुरात पंचवीस वर्षं त्यांनी भौतिकशास्त्राचे क्लास घेतले होते. कुठलाही पेपर हातात आला की आधी काढणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते बघायचं आणि मग प्रश्नांकडे वळायचं, ही त्यांची सवय.

हा पेपर अंबरीशने काढला होता. अंबरीश नांदेडचा, त्यांचाच जुना विद्यार्थी. बारावीला लातुरात खोली करून राहिलेला. पुढे संगणकाचं शिकून तो लकवा झालेल्या लोकांसाठी व्हिडिओ गेम बनवायला लागला आणि लातुरातल्याच एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये त्याने पहिला गेम लावला. एक टीव्ही, त्यावर एक कॅमेरा, समोर खुर्ची, अशा तीन जागा. पडद्यावर केळीची बाग. रुग्णाने लुळा हात उचलायचा. हात वर गेला की घड खाली येतो, घडामागे दहा गुण. बाग त्याने अर्धापूरच्या आजोळची आठवून काढली होती.

माधवरावांच्या बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, उजव्या अंगाला लकवा झाला होता. जीभ जड झाली होती, पण पहिल्याच दिवशी पडद्याकडे बघून त्या अंबरीशला म्हणाल्या, "एका हातानं घड उतरवतात व्हय रे? आजोळी नुसता खायलाच जात होतास वाटतं."

अंबरीश लाजला. "काकू, पुढच्या वेळी विळा देतो हातात."

शिल्पा मॅडम तिथल्या फिजिओथेरपिस्ट. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात जो काय परत येईल तो बहुतेक त्यातच येईल."

चंद्रप्रभाबाईंना फार नको होतं. "ब्लाउजची हुकं तेवढी मला लावता आली पाहिजेत," त्या म्हणायच्या. रोज सकाळी हुकं माधवराव लावत. खडू धरणारी त्यांची बोटं अडखळत, आणि शेवटचं हुक लागेपर्यंत बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं माहेर अख्खं गेलं. आई, वडील, धाकटी बहीण. तेव्हासुद्धा त्यांनी कुणाला हात धरू दिला नव्हता. आता रोज धरू द्यावा लागत होता.

खेळ सुरू करण्याआधी शिल्पा मॅडम त्यांची छाती रुंद पट्ट्याने खुर्चीला बांधत. पाठ टेकलेली राहिली पाहिजे, हात खांद्यातून उचलला गेला पाहिजे, म्हणून. पट्टा बांधला की दिवसाला दहा नाहीतर वीस गुण मिळत. पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाला साठ.

एकट्या मॅडमना सगळ्या खुर्च्या बघाव्या लागत. तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या रुग्णाकडे वळल्या तसे माधवराव वाकले आणि पट्टा सैल केला.

"तो कॅमेरा मनगटच बघतो," ते हळू म्हणाले. "बाकी अंगाकडं त्याचं लक्षच न्हाई. तू डावीकडं अंग टाक, हात आपोआप झोक्यासारखा वर येईल."

"अहो, ही लबाडी झाली."

"लबाडी कशाची? गुण पडले की हुरूप येतो, हुरूप आला की ताकद येते. माझी पोरं काय सगळं समजून डॉक्टर झाली का?"

चंद्रप्रभाबाई हसल्या. अंग डावीकडे टाकलं. तीन घड खाली आले.

त्या महिन्यात त्यांचा पहिला नंबर आला. लातुरात पहिला नंबर आला की फ्लेक्स लागतो, मग तो कशातलाही असो. सेंटरने गेटवर फ्लेक्स लावला. शेजारी 'नीट' परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आणि त्यांच्या रांगेत चंद्रप्रभाबाई, निवृत्त शिक्षिका, प्रथम क्रमांक. माधवराव येता-जाता तिथे थांबत.

मग लोक विचारायला लागले. निलंग्याकडच्या शंकरप्पाने आधी विचारलं. उसाची मोळी उचलताना त्याला झटका आला होता. बायको शरणम्मा त्याला घेऊन एसटीने यायची.

"सर, बाईंना येवढे मार्क कसे पडून राहिले?"

माधवरावांना राहवलं नाही. भूकंपानंतर लोक स्लॅबखाली बसायला भीत होते तेव्हा त्यांनी पत्र्याच्या शेडात बारा पोरांवर क्लास सुरू केला होता. तसाच क्लास आता सेंटरच्या बाकावर भरला. पट्टा कधी सैल करायचा, अंग किती टाकायचं, खांदा कसा झोकायचा. दोन महिन्यांत दहा जण शिकले.

चौथ्या महिन्यात चंद्रप्रभाबाईंचा खांदा ठणकायला लागला. त्या कुशीवर निजता येईना.

"दुखतंय म्हणजे जीव येऊन राहिला त्यात," माधवराव म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

सहा महिने भरले. एकूण गुण नऊ हजारांच्या पुढे गेले. सातव्या महिन्यात दुसरा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी बाई गेल्या. हुकं शेवटपर्यंत माधवरावांनीच लावली.

तेरावं झाल्यावर अंबरीश लॅपटॉप घेऊन घरी आला. बराच वेळ पाणीच प्यायला.

"सर, शंकरप्पांचा खांदा निखळलाय. गेममुळं. अकरा जण अंग टाकून खेळत होते, आणि माझा कॅमेरा त्यांना गुण देत होता. चूक माझीच आहे. पहिल्यापासून रेकॉर्डिंग बघितलं. सुरुवात काकूंपासून झालीय."

त्याने लॅपटॉप उघडला.

"आता मशीनला शिकवायचंय, खरं उचलणं कुठलं आणि खोटं कुठलं. एकेक व्हिडिओ बघून खूण करावी लागते. बाकीच्यांचं शिल्पा मॅडमनी केलं. काकूंचं सगळ्यात जास्त आहे, एक दिवस खाडा नाही, त्याच्याशिवाय नीट होणार नाही. पण ते केलं की काकूंचे गुण जातील, सर. पहिला नंबर जाईल. तुम्ही नको म्हणालात तर मी त्यांचं बाजूला ठेवतो. कुणी विचारणार नाही."

माधवरावांना वाटलं, नको म्हणावं. बाईंचं नाव जगात दुसरीकडे कुठे लागलं होतं? एक शाळेच्या हजेरीपटावर आणि एक त्या फ्लेक्सवर.

"एक दाखव," ते म्हणाले.

पडद्यावर चंद्रप्रभाबाई आल्या. सकाळी हुकं लावून दिलेला चॉकलेटी ब्लाउज. पाठीमागून माधवरावांचाच आवाज आला, स्पष्ट, क्लासात यायचा तसा. 'डावीकडं टाक. टाक अंग. अजून. हां, पडला बघ घड.'

अंबरीशचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. त्याने एवढे व्हिडिओ बघितले होते, पण आवाज बंद करून.

"युक्ती माझी आहे," माधवराव म्हणाले. "तिची न्हवं. खूण कशी करायची, सांग."

एकूण अकराशे सेहेचाळीस वेळा बाईंनी हात उचलला होता. खोटं असेल तर एक बटण, खरं असेल तर दुसरं. माधवरावांनी आयुष्यभर पेपर तपासले होते, त्याच बैठकीने ते रोज सकाळी बसले. पहिले दोन दिवस खरं. मग खोटं. खोटं. खोटं. पाचव्या दिवशी ते सहाव्या महिन्यात पोचले.

तिथे त्यांचा आवाज नव्हता. ते बाहेर बाकावर शिकवत असणार. बाईंनी शिल्पा मॅडमना हाक मारली. 'पट्टा आवळ गं. अजून आवळ.' मग पाठ टेकवून त्यांनी हात उचलला. हात मांडीवरून निघाला, थरथरला, पोटापर्यंत आला, पडला. शून्य गुण. पुन्हा उचलला. शून्य. सातव्या वेळी तो छातीपर्यंत आला आणि अर्धं मिनिट तिथे राहिला. सर्वांत खालचा एक घड सुटला. दहा गुण.

तेवढ्यात दार वाजलं, आणि पडद्यातले माधवराव म्हणाले, 'हे काय? आज दहाच?'

बाईंनी डाव्या हाताने पट्टा सैल केला. डावीकडे अंग टाकलं.

माधवरावांनी ते पुन्हा बघितलं नाही. सात ठिकाणी खरं अशी खूण केली. तसे दिवस पुढे आणखी होते का, ते शोधत शेवटपर्यंत गेले. नव्हते.

सोमवारी ते सेंटरमध्ये गेले. फ्लेक्स अंबरीशने आधीच उतरवला होता. आत शंकरप्पा खुर्चीत बसला होता, जागेवर बसवलेल्या खांद्याला आधाराची झोळी. ती सोडून शिल्पा मॅडम त्याला पट्टा बांधत होत्या. शरणम्मा शेजारी उभी होती.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," माधवराव उभ्यानेच म्हणाले. "अंग टाकायचं नव्हतं."

शंकरप्पाने मान वर केली नाही. "आता सांगून काय उपेग, सर? तीन महिने गेले माझे."

"बाईलाबी असंच शिकविलं का?" शरणम्माने विचारलं.

"हो. तिला आधी."

"मग त्यांचा हात?"

"नाही आला."

शरणम्मा शिव्या देईल असं माधवरावांना वाटलं. तिने दिल्या नाहीत. खेळ सुरू झाला, बाग आली. शंकरप्पाने दात खाऊन हात उचलला. हात गुडघ्यापासून चार बोटं वर आला आणि खाली पडला. पडद्यावर शून्य आलं.

"हे शून्य तरी खरं हाय न्हवं?" शरणम्माने विचारलं.

"खरं आहे," माधवराव म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि नवऱ्याला म्हणाली, "उचला परत."