फॅक्सचा रकाना

"फॅक्स? ताई, आता कोण फॅक्स करतं?" जावईबापू हसले आणि पडद्यावरच्या त्या रकान्यापुढे त्यांनी 'वगळा' निवडलं.

मालकांचे जावई कानाच्या मशीनच्या या दुकानात येऊन बसू लागल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. समोर सगळे त्यांना सर म्हणत, पाठ वळली की जावईबापू. जुन्या डेटाबेसमधली सगळी गिऱ्हाइकं उचलून ईमेलच्या नव्या प्रोग्रॅममध्ये घालायची आणि सगळ्यांना एका फटक्यात मेल धाडायची, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. प्रोग्रॅम बिचारा एकेक रकाना पुढे करून विचारत होता, हा कुठे घालू? नाव नावात गेलं, ईमेल ईमेलमध्ये, जन्मतारीख जन्मतारखेत. बाकी सगळं वगळा.

"सर, तो रकाना सोडू नका," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. "त्यात फॅक्सचे नंबर नाहीतच. जे गेलेत त्यांच्यापुढे मी तिथे 'नाहीत' असं लिहिलंय."

"कुठे गेलेत?"

"वारलेत."

त्याचं असं होतं. जुन्या डेटाबेसमधून माणूस पुसला की त्याच्या मशीनची दुरुस्ती, हमी, सगळंच पुसलं जायचं. आणि माणूस गेला तरी मशीन जात नाही. ते त्याच्या भावाच्या नाहीतर बहिणीच्या कानात बसून पुन्हा दुकानात येतं. म्हणून पुसायचं कुणालाच नाही असं ठरलं होतं. गेलेल्यांसाठी वेगळी जागा करायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. फॅक्सचा रकाना तेवढा रिकामा पडून होता. घरून कुणी कळवलं की ताई तिथे तो एक शब्द लिहीत, आणि मग त्या घरी दुकानाचा फोन जात नसे.

जावईबापूंनी गाल खाजवला. "असे किती असतील?"

"आपल्याकडे तरणेताठे कुठे येतात, सर? पुष्कळ असतील."

"मग तर नकोच. सासऱ्यांना मी आकडा सांगून बसलोय. आणि हे बघा ताई, मेल घरातलं कुणीतरी वाचेलच ना? ते काय जन्मभर तरुण राहणार आहेत? आज ना उद्या त्यांचेही कान जातीलच."

ताईंना शिसारी आली. माणूस इतकं गुळगुळीत तोंड करून असं कसं बोलू शकतो, हेच त्यांना कळेना. वर ते च्युइंगम चघळत होते. ते चघळणंसुद्धा ताईंना सहन होईना.

मेल तयार होती. वर 'प्रिय', पुढे ज्याचं त्याचं नाव आपोआप येणार. खाली लिहिलेलं, 'तुमचा आवाज ऐकून किती दिवस झाले! आम्ही विसरलो नाही, तुम्ही विसरलात का? या ना. तपासणी मोफत.' त्याखाली कानाला हात लावून दात काढणारा एक पिवळा चेहरा.

"या ताई, तुमच्या हातानं होऊ दे," जावईबापू म्हणाले. "दुकानातल्या सगळ्यात जुन्या तुम्हीच." दुरुस्तीवाला मोबाईल घेऊन फोटोला सरसावलासुद्धा.

ताईंच्या नोकरीची शेवटची वर्षं उरली होती. सेवा संपता संपता कुणाशी वाकडं कशाला घ्या? त्या पुढे झाल्या, बटण दाबलं आणि फोटोसाठी हसल्याही. मग मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. उभा जन्म त्यांनी लोकांच्या मशीनमधला कानाचा मळ काढण्यात घालवला होता, ब्रशनं, सुईनं, वेळ पडली तर नखानं. नव्या मुली नाक मुरडत, पण ताईंना कधी किळस वाटली नाही. आज वाटली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या बोटाची होती.

नंतर उत्तरं यायला लागली. काही मोफतचं ऐकून खूश झाले. एका मुलानं लिहिलं, 'बाबांचा आवाज आम्हालाही ऐकायचाय. तुम्हाला ऐकू आला तर कळवा.' जावईबापूंनी ते वाचलं आणि म्हणाले, "लोकांना विनोदबुद्धी आहे." मग ते पुढच्या तयारीला लागले. आता वाढदिवसाच्या शुभेच्छा. तारखा प्रोग्रॅममध्ये होत्याच, ज्याचा त्याचा दिवस उजाडला की मेल आपोआप जाणार होती.

त्याच आठवड्यात फोरमनची बायको आली. फोरमन छापखान्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात कान गेले आणि म्हातारपणी या दुकानाशी गाठ पडली. ते वारल्याचं तिनंच फोनवर सांगितलं होतं आणि ताईंनी रकान्यात लिहिलं होतं. ती खुर्चीत बसली आणि पिशवीतून मशीनची डबी काढली.

"ह्यांना बोलावलंत ना? हे काही येऊ शकत नाहीत. म्हटलं, मशीन तरी दाखवून आणावं."

ताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काकू, ती चूक झाली हो आमची."

"ह्यांचा मोबाईल मी रोज चार्ज करते. का करते, विचारू नका, करते आपली. तो काही वाजत नाही कधी. त्या दिवशी वाजला. हातातलं भांडं टाकून धावले मी." तिनं पदरानं ओठ टिपले. "बघते तर नाव घालून बोलावलेलं. कुणी बोलावलं आणि हे गेले नाहीत असं कधी झालं नाही. म्हणून आले."

ताईंनी मशीन हातात घेतलं. मळ तसाच होता, वाळून पिवळा पडलेला. त्यांनी सावकाश ब्रश फिरवला, सुईनं भोक मोकळं केलं, कापडानं पुसलं, नवा सेल घातला. मशीन चालू आहे का हे पाहायचं तर ते मुठीत धरायचं. ताईंनी मूठ मिटली तशी आतून बारीक शिट्टी वाजली.

काकूंनी डोळे मिटले. "सकाळी ही शिट्टी आली की मी चहा टाकायची. हे उठले, कानात घालताहेत, म्हणून."

तेवढ्यात जावईबापू आतून आले. "आजी, आलाच आहात तर तुमचेही कान तपासून घ्या. मोफत आहे."

"मला नीट ऐकू येतं, बाळा," काकू म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं."

जावईबापू मान डोलावून च्युइंगम चघळत उभे राहिले. मशीन काकूंच्या हातात देऊन ताई उठल्या आणि सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसल्या.

"ताई, काय करताय?"

"फॅक्सचा रकाना आणतेय."

"अहो, आकडा..."

"आकडा तुम्ही सांगितलाय, तुम्हीच निस्तरा. बटण मी दाबलंय, ते मी निस्तरते. मला काढायचं असेल तर काढा. पण हे झाल्यावर."

काकू जायला उठल्या. "काकू, सेल काढून देऊ का?" ताईंनी बसल्या जागेवरून विचारलं. "नाहीतर पिशवीत वाजत राहील."

"वाजू दे," म्हणत त्यांनी मशीन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

त्या दाराबाहेर पडल्या तरी शिट्टी ऐकू येत होती. "कसला आवाज येतोय हा?" जावईबापू म्हणाले. ताई यादीत फोरमनचं नाव शोधत होत्या.