खोलीची शांतता

"पाय घसरला तिचा. गच्चीवर शेवाळ होतं." गेलेल्या पोरीच्या आईनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. समोर नवरा मांडी ठोकून बसलेला; प्रश्न कोणीही विचारो, बाई उत्तर त्यालाच देत होती.

दिग्दर्शकाचं तोंड उतरलं. मनाजोगतं लग्न करू पाहणाऱ्या पोरींना घरचेच कसे संपवतात, यावर त्याचा माहितीपट. आणि आजवर एकाही घरानं तोंड उघडलं नव्हतं.

"चला, खोलीची शांतता घेऊ," आवाज टिपणारी मुलगी म्हणाली. कान इतके तिखट की सगळे तिला कानसेन म्हणत. मुलाखत संपली की मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा, पुढे चित्रण जोडताना तो लागतो. "आता कोणी हूं की चूं करायचं नाही."

कॅमेरा बंद झाला. कानसेनच्या हेडफोनमध्ये पंख्याची घरघर. लांबवर एक स्कूटर. आणि मग अगदी कानाशी, श्वासाएवढं: "ह्यानंच ढकललं. मी जिन्यात होते."

बाईचे ओठ हललेलेसुद्धा कुणाला दिसले नाहीत. गळ्याशी माइक लावताना कानसेनच तिला म्हणाली होती, "काकू, पुटपुटलात तरी ऐकू येतं हं!" तेवढंच धरून बसली होती बिचारी. कानसेननं दचकून मान वर केली.

"एवढं काय ऐकलंत?" नवरा उठला. "मला ऐकवा."

"ऐका की! पंख्याची हौस असेल तर." कसंबसं हसत तिनं कालच्या घरातली शांतता लावली आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. ऐकता ऐकता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"घड्याळ कुठलं? आमच्याकडे भिंतीवर घड्याळ नाही."

"माझ्या हातातलं. मेलं सगळीकडे घुसतं." तिनं मनगट पुढे केलं. त्यानं हेडफोन परत दिला.

आतल्या खोलीत माइक काढताना बाईनं विचारलं, "आलं का?"

"आलं. काकू, आत्ताच्या आत्ता चला आमच्याबरोबर. हे बाहेर पडलं तर तो तुम्हाला जिवंत ठेवायचा नाही."

"मला नको. धाकटीला न्या. तीही आता कुणाशीतरी बोलते म्हणून घरात कुरबुर सुरू झालीय. शाळेत तिच्या बाईंना सांगून ठेवलंय, त्या तिला मावशीकडे पोचवायला तुमच्या हवाली करतील."

"आणि तुम्ही?"

"दोघी दिसेनाशा झालो तर तो लगेच मागे निघेल. मी घरात दिसायला हवी."

कानसेनला रडू फुटलं. बाईनं तिचे डोळे स्वतःच्या हातानं पुसले आणि तिला दाराकडे ढकललं.

गाडी सुरू झाली. उघड्या खिडकीतून बाईचा आवाज आला, रोजच्यासारखा, कुठेही न कापता:

"अहो, धाकटीला आज उशीर होईल बरं का. शाळेत खेळाचा सराव आहे. तुम्ही जेवून घ्या."