सोजरबाईची नक्कल

"टीव्हीत बोलते तसं बोल," सोजरबाई म्हणाली. "इथं, माया समोर. मले आयकाचं हाय."

ज्योत्स्ना इंगोले बाजेवर अंग चोरून बसली होती. सत्काराची शाल आणि नारळ अजून मांडीवरच होते. अर्ध्या तासापूर्वी धनजच्या शाळेच्या मैदानावर अख्ख्या गावानं तिच्याकडून तेच एक वाक्य चार वेळा म्हणून घेतलं होतं. दर वेळी शिट्ट्या पडल्या होत्या. पण इथे, चुलीजवळ पाय लांब करून बसलेल्या या बाईसमोर ते वाक्य तिला म्हणवेना.

"मावशी, मले वाटलं व्हतं तुमी कार्यक्रमाले येसान."

"कायले येऊ? तिथं तं तूच सोजरबाई व्हती. दोन-दोन कायले पायजे?"

ज्योत्स्ना गेली नऊ वर्षं 'शनिवारची फजिती' या कार्यक्रमात नकला करत होती. पहिली चार वर्षं तिला कोणी ओळखत नव्हतं. कोणाची तरी बायको, कोणाची तरी सासू, दार उघडून आत जाणारी शेजारीण. मग एकदा एक नट आजारी पडला, आठ मिनिटं मोकळी राहिली आणि तिनं तिथल्या तिथे गावाकडची एक बाई उभी केली. नऊवारी लुगडं, रुपयाएवढं कुंकू, नाकावर घसरलेला चष्मा. मुंबईतल्या सोसायटीत घरकामाला आलेली वऱ्हाडी बाई. लिफ्टला घाबरायची, कपडे धुण्याच्या मशीनला दम द्यायची आणि कोणी काही विचारलं की कमरेवर हात ठेवून किंचाळायची, "सांगून राह्यले का इचारून राह्यले?" नाव काय द्यायचं म्हणून विचारलं, तर ज्योत्स्नाच्या तोंडून आलं, सोजरबाई. पुढच्या महिन्यात रिक्षांच्या पाठीवर ते वाक्य आलं. लोकांच्या मोबाइलवर ती किंकाळी वाजू लागली. ज्योत्स्नाचं घर झालं, नाव झालं.

नाव मात्र दुसऱ्याचं होतं. खरी सोजरबाई धनजच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि ज्योत्स्नाच्या आईच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायची. तिला अभिमान वाटत असेल असं ज्योत्स्ना धरून चालली होती. आज सकाळी आईनं, चतुराबाईनं, भाकरी थापता थापता सांगितलं, "ते आताशा बजारात जात नाई. दिवाळी झाल्यावर कारंज्याले लग्नाले गेल्ती, तं पंगतीत वाढनाऱ्या पोट्ट्यानं इचारलं, बुंदी वाढू का, सांगून राह्यलो का इचारून राह्यलो. सारी पंगत हासली. ते हात धुऊन उठली, तवापासून कुठं जात नाई."

म्हणून ज्योत्स्ना सत्कार आटोपताच सरळ इकडे आली होती.

"मावशी, तुमाले वाईट वाटलं नं?"

"मी लिफ्टले भेत नाई वं," सोजरबाई म्हणाली. "दोन वर्स अकोल्याच्या दवाखान्यात आमच्या बुढ्याले लिफ्टनंच नेत व्हतो. चवथा मजला. बटन मीच दाबत व्हतो. लोक मले इचारत, बाई, हे कशी बंद होते."

ज्योत्स्नाला हसू आलं, पण सोजरबाई हसत नव्हती.

"अन् थे वाक्य मी कवा बोलली, हे तुले मालूम हाय का?"

ज्योत्स्ना पाचवीत होती तेव्हा ते वाक्य गल्लीत ऐकू येऊ लागलं होतं. सगळी पोरं म्हणायची. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तिनं लुगडं गुंडाळून सोजरबाईची नक्कल केली आणि पितळेचा कप पटकावला. तिथून कारंज्याचं कॉलेज, मग अमरावतीचा युवक महोत्सव, मग मुंबई. ते वाक्य कुठून आलं, हे तिनं कधी कोणाला विचारलंच नाही.

"तांदुळाच्या पोत्याहीची गाडी आली व्हती," सोजरबाईनं सांगायला सुरुवात केली. "दोन कट्टे कमी व्हते. मीच मोजले. तालुक्यावरून साहेब आला, कागद घेऊन. हेडमास्तर बाजूले उभे, खाली मान घालून. साहेब म्हने, सोजरबाई, तांदूळ पुरा भेटला, लावा अंगठा. मी म्हनलं, साहेब, तुमी सांगून राह्यले का इचारून राह्यले? सांगत असान तं अंगठा तुमचाच लावा. इचारत असान तं दोन कट्टे कमी हायेत."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवसापासून खिचडी दुसरीच बाई शिजवे. वर्सभर मी लोकाहीच्या वावरात निंदाले गेली. मंग गावातल्या बायाच शाळेत जाऊन बसल्या, तवा मले परत घेतलं." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्या वर्सी तुमाले खिचडी कमी पडत व्हती. तुले आठवत नसन."

ज्योत्स्नाला आठवत होतं. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मागच्या पोरांचा नंबर येईपर्यंत पातेलं खरवडलं जायचं. त्याचा आणि त्या वाक्याचा काही संबंध असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मी बंद करतो, मावशी. उद्यापासून नाई करत."

"बंद करून काय होईन? लोकाहीच्या तोंडात बसलं थे. आता थे वापस येते का?" सोजरबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "कर. पन हे कर. तांदुळाचं कर."

मुंबईला परत जाताना ट्रॅव्हल्समध्ये ज्योत्स्नानं वहीत लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. कार्यक्रमाचा दिग्दर्शक पवन तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "ज्योत्स्ना, छान आहे. पण यात हसायचं कुठे? सात मिनिटांत मला पंधरा हशे लागतात."

"साहेब येतो तिथे हसतील. हेडमास्तर घाम पुसतात तिथे हसतील."

"आणि ती वाक्य बोलते तिथे?"

"तिथे नाही हसणार."

"लोक त्या वाक्याला हसायलाच येतात गं."

तिनं पिच्छा सोडला नाही. तीन आठवडे ती रोज तालमीच्या आधी तासभर यायची आणि नवा कागद त्याच्या पुढ्यात ठेवायची. साहेबाचं काम करणाऱ्या नटाला तिनं चहा पाजून पाजून तयार केलं. कपडेपटात जाऊन रुपयाएवढं कुंकू काढून टाकलं, चष्मा परत केला. शेवटी पवन म्हणाला, "एकदा रेकॉर्ड करून बघू. पुढचं माझ्या हातात नाही."

रेकॉर्डिंगला ती रंगमंचावर आली तेव्हाच लोक सवयीनं हसले. साहेबाला हसले, हेडमास्तरांना हसले. मग ती कमरेवर हात न ठेवता उभी राहिली आणि वाक्य बोलली. तीनशे माणसांच्या त्या सभागृहात कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एका माणसानं टाळी वाजवली आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर थांबला. ज्योत्स्ना आत आली तेव्हा, धनजहून परतल्यापासून पहिल्यांदाच, तिला आपण चोरी केली असं वाटत नव्हतं.

"शनिवारी दाखवनार हायेत," तिनं सोजरबाईला फोनवर सांगितलं.

शनिवारी सोजरबाईनं अंगण सारवलं, टीव्ही दारात आणून ठेवला आणि गल्लीतल्या पंधरा-वीस बायकांना बोलावलं. ज्योत्स्ना मुंबईत आपल्या घरी टीव्हीसमोर बसली होती. कार्यक्रम सुरू झाला. तांदुळाचं स्किट आलं नाही. त्याच्या जागी दोन वर्षांपूर्वीचं लिफ्टचं स्किट लावलं होतं. ज्योत्स्नानं स्वतःला किंचाळताना पाहिलं. धनजच्या त्या अंगणात काय चाललं असेल, याचा विचार करवेना. तिनं पवनला फोन केला. "वरून कापलं. मी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आठला तिनं सोजरबाईला फोन लावला. खूप वेळ रिंग वाजली.

"मावशी, मी केलं व्हतं. तुमची आन. त्याहीनं दाखवलं नाई."

"बाया हासल्या," सोजरबाई म्हणाली. "त्याहीचा काय दोष. हासाचंच व्हतं थे."

"मले माफ करा."

"तू केलं व्हतं नं खरंच?"

"हो."

"मंग इथं येऊन कर. बाया म्यां बलावल्या व्हत्या. त्याहीले मी काय सांगू?"

सोमवारी ज्योत्स्नानं पवनला सांगितलं की यापुढे ती सोजरबाई करणार नाही. पवननं समजावलं, मग आवाज चढवला, मग शांतपणे विचारलं, "तुझ्याकडे दुसरं आहे काय?"

"शोधते."

"तोवर?"

"तोवर जे द्याल ते करीन. ट्रे घेऊन येणारी नर्सही करीन. पण ते नाव काढा. ते नाव एका बाईचं आहे."

तिनं चॅनेलला लेखी अर्ज दिला. उत्तर आलं नाही, तर दुसरा दिला, मग तिसरा. शेवटी नाव निघालं. लुगडं, कुंकू, चष्मा आणि किंकाळी एका नव्या मुलीला मिळाली आणि त्या बाईचं नाव गोदाबाई झालं. लोकांना फरक पडला नाही. ज्योत्स्ना त्या महिन्यात तीन वेळा पडद्यावर दिसली. एकदा नर्स, एकदा वरातीतली बाई, एकदा नुसती पाठ. तिनं तक्रार केली नाही. रोज सकाळी आरशासमोर बसून ती नव्यानं माणसं गोळा करू लागली, आणि या वेळी प्रत्येकाला जाऊन भेटायचं, बोलायचं, मगच घ्यायचं, असं तिनं ठरवलं.

पहिली चार दिवसांची सुट्टी मिळाली तशी ती धनजला आली.

दुपारचे चार वाजले होते. हरभरा सोंगून बायका शेतातून घरी आल्या होत्या आणि हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन सोजरबाईच्या अंगणात बसल्या होत्या. चतुराबाई सगळ्यात मागे बसली. लेकीकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

"साहेब कोन होईन?" ज्योत्स्नानं विचारलं. "साहेब लागते यात."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सोजरबाई उठली. "मी होतो," ती म्हणाली.

तिनं कोनाड्यातला एक कागद घेतला. गालात पानाचा तोबरा असल्यासारखं तोंड फुगवलं, पोटावरचा नसलेला शर्ट खाली ओढला, रिकाम्या मनगटाकडे घड्याळ बघावं तसं पाहिलं, समोरच्या माणसाच्या डोक्यावरून कुठेतरी नजर ठेवली आणि बोलली, "काय बाई, झालं का? गाडी उभी हाय माझी." बावीस वर्षांपूर्वीचा तो माणूस अंगणात उभा होता. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. एकजण पुटपुटली, "वं माय, थोच हाय."

ज्योत्स्ना क्षणभर आपलं काम विसरली. पोटापाण्यासाठी नऊ वर्षं नकला केल्या, मोठमोठे नकलाकार जवळून पाहिले, पण असं कोणी पाहिलं नव्हतं. ही बाई शाळेत खिचडी शिजवत राहिली आणि कोणाला पत्ता लागला नाही.

"तांदूळ पुरा भेटला," साहेब कागद पुढे करत म्हणाला. "लावा अंगठा."

ज्योत्स्ना ताठ उभी राहिली. "साहेब," ती म्हणाली, "तुमी सांगून राह्यले का इचारून राह्यले?"

सोजरबाईनं कागद खाली केला आणि हात वर केला. गालातला तोबरा गेला होता.

"थांब. येवढ्या मोठ्यानं नाई."

"मंग?"

"मी भेली व्हती, पोरी. घशात आवाजच नवता. लय हळू बोलली मी. त्याले बी दुबार इचारा लागलं, काय म्हनता म्हनून."

ज्योत्स्नानं मान हलवली. दोन पावलं मागे गेली, चुलीवर पातेलं असल्यासारखी खाली बसली, पदराला हात पुसले आणि पुन्हा उभी राहिली. सोजरबाईनं गाल फुगवला आणि कागद पुढे केला.

या वेळी ज्योत्स्नाचा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बायका ऐकू यावं म्हणून बसल्या बसल्याच पुढे सरकल्या.