नववं नाव

फरहीननं ओढणीच्या टोकानं संगमरवरावरची पांढरी भुकटी पुसली आणि नववी ओळ पुन्हा वाचली. इमाम बाबालाल मुजावर, वस्ताद. तालमीच्या दारालगत बसवलेल्या त्या फरशीवर वरच्या आठही नावांपुढे 'कै.' होतं. तिच्या वडिलांच्या नावापुढे बोटभर जागा कोरी होती.

"हे राहिलंय, की मुद्दाम ठेवलंय?"

तालमीचा सचिव गुरुप्रसाद मोबाईल खिशात घालत पुढे आला.

"कमिटीत ठरलं, ताई. कै. म्हणजे कैलासवासी. कैलासावर वास करणारा, शंकराच्या घरी. ते वस्तादांना कसं लावायचं? तुमच्याच लोकांना आवडलं नसतं."

तुमचे लोक! चाळीस वर्षं ज्या माणसानं आतल्या हौद्यातली, कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती ताक-तेल घालून मळली, याच गुरुप्रसादला लंगोट कसायला शिकवलं, त्याचे लोक तो गेल्यावर तीन महिन्यांत वेगळे निघाले. फरहीन गारगोटीच्या कॉलेजात भाषा शिकवायची. समास तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

"तुमचे आजोबा गळ्यात तुळशीची माळ घालायचे ना?" तिनं तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "त्यांना वैकुंठाला जायचं होतं. कैलासावर कुणी धाडलं?"

गुरुप्रसादनं खिशातला मोबाईल पुन्हा बाहेर काढला.

"निपाणीपलीकडं कानडीत दिवंगत लिहितात, हिंदीत स्वर्गीय. तेलुगू माणूस कीर्तिशेष लिहितो. ज्याची कीर्ती तेवढी मागं उरली, तो. मेलेला कुठल्या देवाकडं गेला याची चौकशी तो करत बसत नाही. आणि आपल्याकडं कै. म्हणजे माणूस वारला, एवढंच. आठ जणांच्या वेळी समास सोडवला नाहीत. नवव्याला बरा आठवला!"

तिचा आवाज इतका चढला, की आत जोर मारणारे पैलवान थांबले. गुरुप्रसादचा चेहरा उतरला. हत्यारं गुंडाळत बसलेल्या कृष्णात पाथरवटाला त्यानं हाक मारली.

"कोर बाबा, कोर. विषय संपव."

"थांब." इतका वेळ पायरीवर बसलेली चाँदबी गुडघ्यावर हात टेकून उठली. फरहीनच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि ते खाली खाली आणलं. नवव्या ओळीशी बोटाला नुसता गुळगुळीत दगड लागला.

"ही खूण मेल्याल्यांची व्हय?"

"हो, अम्मा."

"आन ह्येंच्या म्होरं न्हाय."

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे." ती गुरुप्रसादकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "विषय संपवायला म्हून त्येंच्या नावाला छिन्नी लावायची न्हाय. आठ मेल्यालं आन ह्ये एकटं जित्तं, असं तुमीच दगडावर लिवलंयसा. उद्या पहाटं मातीत उतरशील, तवा त्येस्नीच इचार, कैलासात जातासा का म्हून. त्येनी सांगत्याल त्ये कोर."

ती पायऱ्या उतरून निघाली. फरहीन तिच्या मागोमाग गेली.

कृष्णात छिन्नी हातात धरून उभाच होता.

"मग काय करू, सायेब?"

गुरुप्रसाद हौद्याकडं पाठ करून तसाच उभा राहिला.