बाबांच्या पेशींचं जेवण

बशीतल्या पेशी माझ्या बाबांच्या होत्या. त्यांच्या दंडाची चिमूटभर कातडी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत तिच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवल्या होत्या. आठवणींसाठी लागणारं एक जनुक चालू असलं की त्या हिरव्या चमकत. सोमवारी पाहिलं, तर सगळा अंधार.

पेशींच्या खाद्याच्या दोन बाटल्या असत, एक साखरेची, एक बिनसाखरेची; रंग दोन्हींचा गुलाबीच. मला ऊठसूट लेबलं वाचायला सांगणाऱ्या आमच्या प्रमुख मॅडमनीच शनिवारी चुकून साखर नसलेली बाटली ओतली होती.

"टाकून दे, नवीन करू," त्या नजर चुकवत म्हणाल्या.

"टाकू? बाबा आहेत ते!" मी फाडकन बोलले आणि साखरेचं खाद्य घातलं.

बाबा शिंपी. त्यांच्या भाषेत सांगायचं तर जनुकांचा दोरा रिळांवर गुंडाळलेला असतो. पेशी साखर जाळते, तेव्हा त्यातून निघालेला एक बारीक तुकडा रिळाला चिकटतो, दोरा सैल पडतो आणि त्यावर लिहिलेली अक्षरं वाचता येतात. साखर वापरता आली नाही की तुकडे गळतात, दोरा आवळतो. अक्षर मात्र एकही पुसलेलं नसतं! बाबांच्या मेंदूला आता साखर नीट वापरता येत नाही, आणि ते मला ओळखत नाहीत. बंद झालं ते कायमचं गेलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक हिरवा ठिपका. मग शेजारी दुसरा, मग कितीतरी. अंगावर सर्रकन काटा आला. निम्म्या पेशी काळ्याच राहिल्या, तरी माझा डोळा निघेना.

"साखर चारून ते बरे होणार नाहीत गं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"माहितीये. बघू द्या ना जरा."

घरी बाबा जेवायला बसले होते. न राहवून मी सांगून टाकलं, "बाबा, तुमच्या पेशी उपाशी होत्या. खायला घातलं, तर उजळल्या!"

त्यांनी मला परक्या बाईसारखं न्याहाळलं. "तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून."

"माझी मुलगीपण अशीच. कामात बुडाली की जेवणाचं भानच नसतं तिला." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "ती येईपर्यंत तुम्ही तरी खा."

मी त्यांच्यासमोर बसून जेवले. ते मधूनमधून दाराकडे बघत होते.