डाव्या हाताची शिवण

दोरीखालून वाकून तो पलीकडे गेला आणि गाडीच्या दारापाशी गुडघे टेकून बसला. बिनटपाची, दोन माणसांची जुनी गाडी होती. तिच्या लाल कातडी सीटपाशी त्याने तोंड इतकं जवळ नेलं की श्वासाने कातड्यावर वाफ धरली.

"ओ काका! दोरी दिसत नाही का?" गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धावत आली.

"दिसते," तो म्हणाला, पण उठला नाही.

सीटच्या कडेला, जिथे कातडं आत दुमडून हाताने शिवलं होतं, तिथला प्रत्येक टाका डावीकडे कलला होता. उजव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका असा पडत नाही. गेली बावीस वर्षं फरशी बसवायला जाताना तो गुडघ्यांना जे पॅड बांधायचा, त्यांवर हेच टाके होते. रोज सकाळी पट्टा आवळताना ते दिसायचे. ते टाके घालणारी त्याची बायको जाऊन सात महिने झाले होते.

दोरीपलीकडे त्याचा मेहुणा कॉफीचे दोन कागदी कप घेऊन उभा होता.

"भाऊजी, बाहेर या हो. लोक बघतायत."

"बघू देत. तू इकडे ये. हे बघ."

मेहुणा आला नाही. तो मुलीला म्हणाला, "रागावू नका हं. आमचे भाऊजी फरशीवाले आहेत. गुडघे टेकल्याशिवाय त्यांना नीट दिसत नाही."

मुलगी हसली. तो हसला नाही. उठून त्याने गाडीसमोरची पाटी वाचायला घेतली. या वर्षी नव्याने उभी केलेली गाडी, असं वर लिहिलं होतं. खाली इंजिन कोणी बांधलं, रंग कोणी दिला, निकेल कोणी चढवलं, त्या सगळ्यांची नावं. समोरचं छोटं घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा. शेवटची ओळ होती, 'आसने: हातशिवण, आमच्याच गॅरेजमध्ये'. त्याखाली मोठ्या अक्षरांत गॅरेजमालकाचं नाव.

"घड्याळवाल्याचं नाव आहे," तो म्हणाला. "घड्याळवाल्याचं! आणि हिचं नाही."

"जाऊ द्या ना भाऊजी. चला, स्टँडवर जागा धरू. आता शर्यत सुटेल."

"शर्यत गेली खड्ड्यात. ही शिवण तुझ्या ताईची आहे. ओळखता येत नाही तुला?"

मेहुण्याने कपाकडे बघितलं. "असेल," तो म्हणाला.

या गॅरेजवाल्यासाठी बायकोने अठरा वर्षं घरी बसून सीटा शिवल्या होत्या. मागच्या वर्षी आजार निघाला, तेव्हा त्याने स्वतः गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं होतं की यापुढे कातड्याचा एक तुकडाही घरी पाठवायचा नाही. शिलाई मशीन त्याने स्वतःच्या हाताने माळ्यावर चढवलं होतं. डॉक्टरांनी आराम सांगितला म्हणजे आराम. त्यामुळे ही सीट त्याआधीचीच असणार. गॅरेजवाल्याने ती दाबून ठेवली आणि बाई गेल्यावर 'आमच्याच गॅरेजमध्ये' म्हणून बसवली. सरळ हिशेब होता.

"मालक कुठे भेटतील?" त्याने मुलीला विचारलं.

"अडीचला परीक्षण आहे. तेव्हा येतीलच गाडीपाशी."

"आता बारा वाजलेत. तोवर थांबतो कोण?"

तो चालायला लागला. मेहुणा मागून कॉफी सांडत आला.

शर्यतींचा हा महोत्सव बघायला तो स्वतःहून कधीच आला नसता. मेहुणाच दोन आठवडे मागे लागला होता. घरात बसून भिंतीशी काय बोलता, चला, जरा मोकळी हवा खा. मोकळी हवा म्हणजे जळक्या रबराचा धूर निघाला. ट्रॅकच्या वळणावर चालक गाड्या मुद्दाम आडव्या घसरवत होते, चाकं जागच्या जागी जाळत होते, आणि हजारो माणसं त्याला टाळ्या वाजवत होती. तिकीट काढून आलेल्या लोकांनी कानात बोटं घातली होती. भोंग्यावर एक माणूस बारशाला पेढे वाटावेत इतक्या आनंदाने टायर फुटल्याची बातमी देत होता. त्याला त्या माणसाचा राग आला. बापाच्या खांद्यावर बसून किंचाळणाऱ्या पोरीचा राग आला. झेंडे विकणाऱ्याने त्याच्यासमोर झेंडा नाचवला, तेव्हा त्याने तो हाताने बाजूला सारला.

"नको तर नको म्हणा ना काका," झेंडेवाला म्हणाला.

"नको!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की मेहुण्याने त्याच्या वतीने एक झेंडा विकत घेतला.

"तो कशाला घेतलास?"

"तुमच्यामुळे घ्यावा लागला. आता मी हा धरून तुमच्या पुढे चालतो, म्हणजे लोक वाट देतील."

"मस्करी पुरे."

"बरं. मग एक ऐकाल? आज त्याला काही बोलू नका. पुढच्या आठवड्यात निवांत जाऊ त्याच्या गॅरेजवर. मी येतो बरोबर."

"तुझी सख्खी बहीण होती ना? की शेजारीण?"

मेहुण्याने झेंडा गुंडाळून खिशात घातला.

गॅरेजमालक ट्रॅकमागच्या तंबूत सापडला. आडव्या टाकलेल्या टायरवर बसून तो पाव खात होता. या दोघांना बघून उठला, हात पँटला पुसले.

"दादा, तुम्ही?" त्याची नजर मेहुण्याकडे गेली.

"त्याच्याकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ. ती लाल सीट हिनं शिवलीय."

"हो," गॅरेजमालक म्हणाला.

तो थांबला. नाही म्हणणाऱ्या माणसाला काय बोलायचं ते फरशीवाल्याने वाटेत ठरवलं होतं.

"मग पाटीवर नाव का नाही? सगळ्या गावाचं नाव आहे. हिनंच काय घोडं मारलं होतं?"

"वहिनीच नको म्हणाल्या."

"वा! मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाटेल ते घाला. ती थोडीच येतेय खोडून काढायला! कधी म्हणाली?"

तंबूच्या मागून सात-आठ गाड्या एकदम गेल्या. कापड थरथरलं. आवाज विरेपर्यंत गॅरेजमालक थांबला.

"ऑपरेशननंतर. तेव्हा ऑपरेशनला दोनेक महिने झाले असतील."

"ऑपरेशननंतर ती दवाखान्याशिवाय घराबाहेर पडली नाही."

मेहुण्याने हातातले दोन्ही कप टायरवर ठेवले. ते नीट उभे आहेत की नाही, हे बघायला त्याने जास्तच वेळ घेतला.

"मी न्यायचो," तो म्हणाला.

"कुठे?"

"गॅरेजवर. तुम्ही साडेआठला कामावर निघालात की नऊला मी स्कूटर घेऊन यायचो. पाचच्या आत परत सोडायचो. दवाखान्याचे दिवस सोडून. आणि बरं वाटत नसेल ते दिवस सोडून."

"किती दिवस?"

"चार महिने."

त्याने मेहुण्याकडे बघितलं, मग मालकाकडे, मग परत मेहुण्याकडे. "खोटं," तो म्हणाला. "मी रोज एक वाजता फोन करायचो. ती घरी असायची."

"एक वाजता," गॅरेजमालक म्हणाला. "आम्हाला पाठ झालं होतं ते. फोन वाजला की वहिनी बोट वर करायच्या. सगळ्यांनी हातातलं खाली ठेवायचं. हातोडी, ग्राइंडर, सगळं बंद. पंखासुद्धा. सात जण पुतळ्यासारखे उभे. एकदा पेंटरला शिंक आली, तर त्याने तोंडात शर्टाची बाही कोंबली आणि..." तो हसायला लागला होता. समोर बघून त्याने हसू गिळलं.

फरशीवाल्याला ते फोन आठवत होते. कामावर, फरशांच्या थप्पीला पाठ टेकून तो उभा राहायचा. काय करतेस? पडलेय जरा. जेवलीस? जेवले. आणि तिच्या आवाजामागे ती शांतता असायची. रेडिओ नाही, भांड्याचा आवाज नाही, काही नाही. फोन ठेवून तो जोडीदाराला सांगायचा, घरी मस्त आराम चाललाय. त्या सगळ्या महिन्यांत आपण एवढं एक तरी बरोबर केलं, असं त्याला ती गेल्यावरही वाटत आलं होतं.

"आजारी बाईला राबवलंत तुम्ही," तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून त्याने तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. "राबवलंत! दोघांनी मिळून!"

"पहिल्या दिवशी मी परत पाठवलं त्यांना," गॅरेजमालक म्हणाला. "तुमचा शब्द होता. दुसऱ्या दिवशी परत हजर. म्हणाल्या, घरी हे सारखे माझ्याकडे बघत बसतात, मला बघायला काहीतरी द्या." त्याने मान खाली घातली. "मी कातडं दिलं."

फरशीवाल्याने मेहुण्याची कॉलर धरली. एक कप कलंडला, कॉफी टायरवरून ओघळून मेहुण्याच्या बुटात गेली. मेहुण्याने पाय मागे घेतला नाही.

"आणि हे आज का? सात महिने तोंड शिवून बसलास, मग आज इथे कशाला आणलंस मला? शर्यत बघायला?"

"ताईला शब्द दिला होता, तुम्हाला सांगणार नाही म्हणून." मेहुणा सावकाश बोलला. "दाखवणार नाही, असा शब्द नव्हता दिला. ही गाडी आज पहिल्यांदा बाहेर पडणार होती. मला वाटलं तुम्ही बघाल, ओळखाल, आणि... मला वाटलं बरं वाटेल तुम्हाला."

"बरं वाटेल!"

"चुकलं माझं."

"माझ्यापासून लपवायचं आणि बरं वाटेल!" त्याने कॉलर सोडली ती ढकलूनच. मेहुणा तंबूच्या खांबावर आदळला. बाहेरून कोणीतरी आत डोकावलं आणि निघून गेलं.

त्यानंतर ते तिघे बराच वेळ त्या तंबूत होते. कोणी उठून गेलं नाही. गॅरेजमालकाने अर्धा पाव कागदात गुंडाळून ठेवला. अडीचला भोंग्यावर जुन्या गाड्यांच्या मालकांना बोलावणं आलं, तेव्हा तो निघाला. थोड्या अंतराने फरशीवाला निघाला, आणि त्याच्या मागून, एका ओल्या बुटाने, मेहुणा.

परीक्षक बाई साठीच्या होत्या. हातात बॅटरी आणि दांड्याला लावलेला छोटा आरसा. त्यांनी इंजिन बघितलं, रंगावरून बोट न टेकवता हात फिरवला, मग दार उघडून सीटपाशी वाकल्या. चालकाच्या सीटची कड त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली.

"हे छान आहे," त्या म्हणाल्या. "डावखुरा माणूस आहे."

मग त्या पलीकडे गेल्या. शेजारच्या सीटपाशी त्यांना जास्त वेळ लागला. आरसा खाली धरून त्यांनी बॅटरी मारली.

"इथे शेवटच्या वीतभर कडेला टाके सैल आहेत. अंतरही सारखं नाही. पुढे दुसऱ्या कोणी शिवलं का?"

गॅरेजमालक उत्तर द्यायला गेला, पण त्याच्या आधी फरशीवाला दोरीच्या बाहेरून बोलला.

"हात तोच आहे."

बाईंनी वर बघितलं. "मग हा फरक कशाने?"

"कातडं जाड असतं. सुई ओढायला जोर लागतो." तो थांबला. "जोर राहिला नव्हता."

बाई आणखी थोडा वेळ त्या कडेकडे बघत राहिल्या.

"गुण कापावे लागतील," त्या गॅरेजमालकाला म्हणाल्या.

"कापा."

त्यांनी कागद काढला. "शिवणारं कोण? पाटीवर नाव नाही. माझ्या कागदावर सगळ्या कारागिरांची नावं लागतात."

गॅरेजमालक आणि मेहुणा, दोघेही फरशीवाल्याकडे बघत होते. नाव नको, असं ती स्वतः म्हणाली होती, आणि ते कोणाला कळू नये म्हणून म्हणाली होती, हे तिघांनाही आता ठाऊक होतं. सकाळपासून ज्या नावासाठी तो भांडत होता, ते द्यायचं की नाही, हे त्यांनी त्याच्यावर टाकलं. त्याला या गोष्टीचाही राग आला. त्याने दोरी मुठीत इतकी घट्ट धरली की दुसऱ्या टोकाचा लोखंडी खांब हलला.

मग त्याने बायकोचं नाव सांगितलं.

बाईंनी लिहिलं. "आडनाव?"

"आडनाव माझं आहे," तो म्हणाला. "ते नको."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "रकाना आहे त्याचा."

"असू दे की रकाना. मी शिवू नको म्हणालो होतो तिला."

बाईंनी गॅरेजमालकाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यांनी आडनावाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली, कागद उलटला आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

मेहुणा जवळ आला. "भाऊजी..."

"तू एक अक्षर बोलू नकोस. इथे नको." त्याने हातातली दोरी सोडली. तळव्यावर तिचा वळ उमटला होता. "घरी चल. घरी बसून सांगायचं. सगळं. पहिल्या दिवसापासून."